उसना आवाज

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्वेर गावचा अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. घोडा चांगल्या किमतीला विकावा, एवढाच त्याचा बेत होता. जुन्नरच्या खानाने तो घोडाच काढून घेतला. हा माणूस मुसलमान नसून रशियन आहे असे कळल्यावर त्याने अट घातली : आमचा धर्म घेतलास तर घोडा परत देईन, वर हजार मोहरा देईन, नाही तर घोडा गेलाच समज, शिवाय हजार मोहरा तुझ्याकडूनच वसूल करीन. विचार करायला चार दिवसांची मुदत. निकितिनने हे सारे आपल्या प्रवासवृत्तांतात लिहून ठेवले आहे, आणि सुटका कशी झाली तेही लिहिले आहे. ख्वाजा मुहम्मद नावाचा एक खुरासानी गृहस्थ त्या दिवसांत तिथे आला. निकितिनने त्याच्यापुढे गाऱ्हाणे घातले. तो खानाकडे गेला, याच्या वतीने बोलला, आणि घोडा सोडवून घेऊन आला.

त्या चार दिवसांचा विचार माझ्या मनात वारंवार येतो. निकितिन काही मुका नव्हता. बाजारातली फारसी-तुर्की मिश्र बोली त्याला येत होती; त्याच्या लेखनात मध्येच त्या भाषांतली वाक्येच्या वाक्ये येतात. पण घोड्याचा भाव करण्यापुरती भाषा वेगळी आणि सत्तेपुढे उभे राहून स्वतःची बाजू मांडण्याची भाषा वेगळी. पहिलीवर पोट भरते. दुसरी नसेल तर माणसाचे सारे खरेपण त्याच्या आतच कोंडून राहते. ख्वाजा मुहम्मद आला नसता तर?

पुण्यात वकिलांच्या कचेरीत काम करताना माझ्याकडे जी अनेक कामे आली, त्यांतले एक हे आहे : एखाद्या प्रकरणात कोरियन किंवा रशियन माणूस आला, की त्याच्यासाठी दुभाष्या शोधायचा. कायमच्या नोकरीतला नव्हे. त्या कामापुरता येणारा, स्वतंत्रपणे काम करणारा आणि कायद्याच्या कामाला बसू शकणारा. हे काम मला मनापासून आवडते आणि त्याची मला भीतीही वाटते, कारण मी निवडलेल्या माणसाच्या तोंडून दुसऱ्या एका माणसाचे नशीब बोलणार असते.

निकितिन ज्या जुन्नरात अडकला तिकडे पुण्याहून जाताना वाटेत आजचे चाकण लागते. चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात कोरियन माणसे येऊन राहिली त्याला आता बराच काळ लोटला. रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईने घेतला, तिकडे माणगावजवळ विळे-भागाडला पोस्कोचे पोलाद तयार होते. रशियन माणसे गोव्यात उतरतात. मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर जेवणाच्या पाट्यासुद्धा त्यांच्या लिपीत दिसतात. जिथे माणसे जातात तिथे त्यांच्या मागोमाग त्यांचे तंटेही जातात. पुरवठ्याचा करार मोडतो, भाड्याच्या घराची अनामत परत मिळत नाही, दुचाकीचा अपघात होतो, लग्न तुटते, व्हिसाची मुदत संपते, कधी अंगझडतीत काहीतरी सापडते. मग तालुक्याच्या पोलीस ठाण्यात, म्हापशाच्या कोर्टात किंवा मुंबईतल्या लवादाच्या खोलीत समोरचा माणूस बोलायला तोंड उघडतो आणि खोलीतल्या कोणालाच काही कळत नाही.

रशियन जाणणाऱ्यांचा शोध घेताना मी नकळत आपल्याच इतिहासाच्या गल्ल्यांतून हिंडून आले. १९५८ साली मुंबईची आयआयटी सोव्हिएत मदतीने सुरू झाली. नाशिकजवळ ओझरला मिग विमाने बांधली जाऊ लागली आणि पुढे सुखोई. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी संध्याकाळच्या वर्गांना बसून रशियन शिकले. त्यामुळे आपल्याकडे रशियन जाणणारा माणूस बहुधा केस पिकलेला असतो. कुणी अभियंता, कुणी नौदलातून निवृत्त झालेला, कुणी तिकडे वैद्यकी शिकून आलेला. या मंडळींच्या रशियनमध्ये एक जुना जिव्हाळा आहे, तरुणपणीच्या मैत्रीची ऊब आहे. यंत्राचा प्रत्येक सुटा भाग त्यांना रशियनमध्ये नावानिशी ठाऊक असतो. पण जामीन, तारण, कबुली, मनाई हुकूम हे शब्द त्यांच्या वाट्याला कधी आलेलेच नसतात.

कोरियनचे नेमके उलटे. इथे उमेदवार तरुण आहेत, बहुतेक मुली. दिल्लीच्या जेएनयूतून शिकून आलेल्या काही. पुष्कळ जणी कोरियन मालिका पाहत आणि गाणी ऐकत भाषेपर्यंत पोचलेल्या, मग जिद्दीने टोपिक परीक्षेच्या सहा पातळ्या एकेक करून चढलेल्या. त्यांचा कान तीक्ष्ण असतो आणि उत्साह पाहून मन भरून येते. मात्र टोपिकची सहावी पातळी भाषा किती येते ते सांगते. उलटतपासणीच्या वेळी दोन भाषांच्या मध्ये बसून तग धरता येतो का, हे ती परीक्षा विचारत नाही.

यातही अडचण अशी, की उत्तम कोरियन येणाऱ्यांना कंपन्या लगेच नोकरीत घेतात. मग त्याच कंपनीविरुद्ध कामगाराची तक्रार उभी राहिली, की तो दुभाष्या कोणाच्या बाजूला बसवायचा? तो प्रामाणिक असेलही. पण ज्याच्या सहीने त्याचा पगार होतो त्या साहेबाचे अडचणीचे वाक्य त्याला समोरच्यापुढे जसेच्या तसे मांडायचे असते. एवढा भार कुणाच्या प्रामाणिकपणावर टाकू नये. म्हणून माझा पहिला प्रश्न भाषेचा कधीच नसतो. या पक्षांपैकी कोणाशी तुमचा नोकरीचा, नात्याचा, येण्याजाण्याचा संबंध आहे का, हे मी आधी विचारते.

कोरियन आणि रशियन या दोन शोधांच्या वाटा एका ठिकाणी एकत्र येतात, आणि ते ठिकाण दुःखाचे आहे. १९३७ साली स्टालिनच्या राजवटीने सोव्हिएत संघाच्या अतिपूर्वेला राहणाऱ्या सुमारे पावणेदोन लाख कोरियनांना आगगाड्यांत भरून कझाकस्तान-उझबेकिस्तानात नेऊन सोडले. त्यांच्या नातवंडा-पतवंडांची आडनावे किम, पाक, त्सोय अशी आहेत आणि घरातली भाषा बहुतेक वेळा रशियन. जुन्या माणसांच्या ओठांवर उरलेली त्यांची कोरियन सोलच्या कोरियनहून पुष्कळ वेगळी आहे. त्यामुळे आडनावावरून किंवा पारपत्रावरून कुणाची भाषा ठरवायची नाही, हा धडा या लोकांच्या इतिहासाने मला दिला. समोरच्या माणसालाच विचारायचे : तुम्ही कोणत्या भाषेत भांडता, कोणत्या भाषेत रडता? त्या भाषेचा दुभाष्या हवा.

मग प्रत्यक्ष बोलणे होते. नाशिकच्या एका निवृत्त गृहस्थांशी झालेले बोलणे मला आठवते. रशियन इतके सुरेख, की फोनवरून ऐकणाऱ्याला ते मॉस्कोतच बसले आहेत असे वाटावे. मी विचारले, "साक्षीदार अडखळत, तुटक बोलला तर तुम्ही काय कराल?" ते आपुलकीने म्हणाले, "काळजी करू नका मॅडम. मी ते नीट जुळवून, चांगल्या भाषेत सांगेन." हेतू किती चांगला! पण साक्षीत अडखळणेसुद्धा पुरावा असतो. न्यायाधीश शब्द ऐकतात तसे शब्दांमधले थांबणेही ऐकतात. ते जुळवून दिले, तर खोलीत एक नवाच साक्षीदार निर्माण होतो आणि जुना कुठेच उरत नाही.

शिरूरकडच्या एका मुलीला मी वेगळाच प्रश्न केला. "साक्षीदार खोटं बोलतोय असं तुला स्पष्ट दिसलं तर?"

ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मग ते खोटंही तसंच्या तसं सांगायचं ना ताई? खरं-खोटं ठरवायला साहेब बसलेत की."

"आणि काही कळलंच नाही तर?"

"तर हात वर करीन. सांगीन, मला समजलं नाही, परत विचारा."

तिचे कोरियन त्या गृहस्थांच्या रशियनइतके घोटीव नव्हते. तरी त्या उत्तरासाठी मी तिला काम दिले. न कळलेले वाक्य अंदाजाने पुढे ढकलायचे नाही, सगळे आपल्याकडे पाहत असताना थांबायचे आणि कळले नाही म्हणायचे, ही या पेशातली सर्वांत मोठी विद्या आहे असे मला वाटते. भाषा वाढवता येते, शब्दसंग्रह तयार करता येतो. भर कोर्टात थांबण्याचे धैर्य माणसाने आतूनच आणावे लागते.

हे धैर्य किती महत्त्वाचे आहे ते कोरियन व्याकरणच दाखवते. कोरियनमध्ये कर्ता पुष्कळदा बोललाच जात नाही. पैसे घेतले, कागद दिला, फोन केला. कोणी, ते संदर्भातून समजून घ्यायचे. घरात, गप्पांत ते समजतेही. फौजदारी कोर्टात मात्र 'कोणी' हाच खटला असतो. इंग्रजीत वाक्य करताना दुभाष्याला कर्ता घालावाच लागतो, आणि न विचारता घातलेला कर्ता म्हणजे न केलेला आरोप. नकारार्थी प्रश्नाचेही तसेच. तुम्ही सही केली नव्हती ना, असे विचारले आणि केलेली नसेल, तर कोरियन माणूस होकार देतो. इंग्रजी नोंदीत तो नुसता होकार उतरला, की अर्थाचे टोक उलट दिशेला वळते. आपणही 'हो, नाही केली' असेच म्हणतो. मराठी दुभाष्याला हा धोका कानानेच कळतो. क्रियापद शेवटी ठेवणारी, वडीलधाऱ्यांसाठी क्रियापदाचे वेगळे रूप वापरणारी आपली भाषा कोरियन शिकणाऱ्याला जवळची वाट करून देते.

रशियनच्या बाजूला पेच संस्थांचा असतो. तिकडचा नोटरी कराराचा मजकूर तपासणारा, कायद्याने मोठा अधिकार दिलेला माणूस असतो. रशियन साक्षीदार 'नोटरीपुढे झाले' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात त्या व्यवहाराला मोठे वजन असते. आपल्याकडच्या ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोर्टाबाहेर टेबल मांडून शिक्का मारणारे वकील उभे राहतात. शब्द तोच राहिला आणि वजन वाटेत सांडले. दोन देशांची न्यायव्यवस्था थोडीफार वाचलेला दुभाष्या इथे थांबून सांगू शकतो, की हा खुलासा विचारून घ्यावा.

या साऱ्याला कायद्याचा आधार आहे, आणि त्यातला एक मोलाचा निकाल आपल्या नागपूरच्या प्रकरणातला आहे. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९६२. प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्ध केलेल्या एका माणसाला इंग्रजी येत नव्हते. स्थानबद्धतेची कारणे त्याला इंग्रजीतच दिली, सुमारे चौदा टंकलिखित पाने. त्याने हिंदीतून मागितली. अधिकाऱ्याने तोंडी समजावून सांगितले, तेवढे पुरे झाले, असे सरकारचे म्हणणे. सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही आणि त्या माणसाची सुटका केली. राज्यघटनेच्या बाविसाव्या कलमात कारणे कळवण्याचे बंधन आहे, आणि ती माणसाला खरोखर कळली नाहीत तर ते बंधन पाळलेच गेले नाही, असा त्या निकालाचा गाभा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावले, की अटकेची कारणे लेखी आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत दिली पाहिजेत. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या पन्नासाव्या कलमानुसार अंगझडतीआधी माणसाला त्याचा हक्क सांगून विचारावे लागते, की राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती हवी आहे का. गोव्यात रात्री रस्त्यावर हा प्रश्न एखाद्या रशियन मुलाला मोडक्या इंग्रजीत विचारला गेला आणि त्याने मान हलवली, तर त्या मान हलवण्याचा अर्थ काय? पुढचा सारा खटला त्या एका क्षणावर तोललेला असतो.

एका प्रश्नाच्या उत्तरावर आख्खे आयुष्य तोलले जाणे कसे असते, ते कोरियाच्याच भूमीवर मराठी माणसाने पाहिले आहे. १९५३ साली कोरियन युद्ध थांबले तेव्हा मायदेशी परतायला नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक कोरियन आणि चिनी युद्धकैद्यांचा ताबा भारतीय सैन्याच्या पथकाकडे आला. त्या पथकाचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात. कैद्यांच्या परतीचा प्रश्न हाताळणाऱ्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या. ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत कैद्यांना एकेक करून तंबूत आणत. त्यांच्या देशाचे प्रतिनिधी त्यांना परत येण्याविषयी समजावत, आयोगाचे सदस्य ऐकत बसत, आणि शेवटी कैद्याने निर्णय सांगायचा. तंबूला बाहेर पडायची दोन दारे होती. एक मायदेशाकडे जाणारे, दुसरे न परतण्याचे. आयोगात भारत, स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया. कैद्याचे म्हणणे या पाच देशांच्या माणसांपर्यंत पोचायचे ते दुभाष्याच्या तोंडून. इतिहासात सेनापतींची नावे राहिली, ती राहायलाच हवीत. पण त्या थंडीत, घोषणा आणि हुंदक्यांच्या मध्ये, कोणा अनोळखी माणसाने 'हा जायचे म्हणतो', 'हा राहायचे म्हणतो' हे वाक्य नेमके उच्चारले असेल, त्याला मी मनातल्या मनात नमस्कार करते.

दुभाष्याचा हा भार ओळखणारी व्यवस्था जगाने एकदा उभी केली होती. न्युरेंबर्गला १९४५-४६ मध्ये इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन या चार भाषांत एकाच वेळी खटला चालला. बारा-बारा दुभाष्यांचे तीन संघ पाळीपाळीने काम करत. बोलणाऱ्यापुढे दिवे होते. दुभाष्या मागे पडू लागला की पिवळा लागे आणि वक्ता सावकाश होई, तांबडा लागला की न्यायालयच थांबे. एवढ्या मोठ्या खटल्यात दुभाष्याला सर्वांना थांबवण्याचा अधिकार दिला होता, याचे मला आजही अप्रूप वाटते. आपल्या जिल्हा कोर्टात आणलेल्या दुभाष्याला बसायला खुर्चीही चटकन मिळत नाही. तो साक्षीदाराच्या पिंजऱ्याशेजारी तासन्‌तास उभा राहतो. कागदपत्रे आदल्या दिवशी मागितली तर 'बोलायचंच तर आहे' असे उत्तर येते. अर्ध्या तासाच्या सलग कामाने मेंदू गळून जातो, हे पटवून देताना माझी दमछाक होते.

आणि थकवा नुसता मेंदूचा नसतो. दुभाष्या प्रथमपुरुषात बोलतो. 'तो म्हणतो, त्याने मारले' असे त्याला म्हणता येत नाही; 'मी मारले' असेच म्हणावे लागते. अत्याचार झालेल्या बाईचे वाक्य आणि ज्याच्यावर आरोप आहे त्या माणसाचे वाक्य, दोन्ही दुभाष्याला त्याच गळ्यातून, त्याच शपथेवर न्यावी लागतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३१७ व्या कलमाने खरा अनुवाद करण्याचे बंधन त्याच्यावर घातले आहे, १९६९ च्या शपथ कायद्याने त्याला साक्षीदाराप्रमाणे शपथ घ्यायला लावली आहे. वकिलासोबत बसून ऐकलेले अशिलाचे गुपितही त्याने जपायचे असते. इतके सारे मागून घेतो, आणि त्याला परत काय देतो? मानधनाचे बिल महिनोन्‌महिने पडून राहते. नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या चौदाव्या कलमात आरोपीला मोफत दुभाष्या मिळण्याचा हक्क आहे आणि १९७९ पासून आपला देश त्या कराराला बांधलेला आहे. आरोपीला मोफत याचा अर्थ दुभाष्याने फुकट राबावे असा होत नाही. तो खर्च राज्याने उचलायचा असतो, आणि वेळेवर.

मला हवे आहे ते अवघड नाही. प्रत्येक जिल्हा न्यायालयात परभाषांच्या दुभाष्यांची तपासून केलेली यादी असावी, म्हणजे रात्री अटक झालेल्या परक्या माणसाला सकाळपर्यंत ओळखीपाळखीच्या फोनांवर अवलंबून राहावे लागणार नाही. विद्यापीठांच्या भाषा विभागांनी विधी महाविद्यालयांबरोबर बसून एक अभ्यासक्रम आखावा. दीर्घ साक्षीला दोन दुभाषे असावेत, त्यांना कागद आधी मिळावेत, बसायला जागा असावी आणि 'मला समजले नाही' म्हणण्याचा त्यांचा हक्क न्यायाधीशांनी आरंभीच उघड सांगावा. मुंबईत मोठ्या रकमांच्या लवादांत यातले बरेचसे आजही होते, कारण तिथे पक्षकारांना ते परवडते. जे कोट्यवधींच्या कराराला मिळते ते तुरुंगात बसलेल्या माणसालाही मिळाले पाहिजे. त्याच्याकडे गमावण्यासारखे अधिक आहे.

म्हणून पुण्यात, नाशिकात, कोल्हापुरात कोरियनची क्रियापदे आणि रशियनच्या विभक्त्या पाठ करत बसलेल्या मुलामुलींना माझे एक आग्रहाचे सांगणे आहे. तुमच्या भाषेला पर्यटनात, कंपनीत, उपशीर्षकांत काम आहेच. पण एखाद्या दुपारी जवळच्या न्यायालयात जा. तिथे जाऊन मागच्या बाकावर बसा, आपल्याच भाषेतली साक्ष ऐका, आणि प्रश्न कसा विचारतात, उत्तर कसे नोंदतात, माणूस कुठे अडतो ते पाहा. आरोपपत्र वाचा, करार वाचा, दोन्ही भाषांतले कायद्याचे शब्द वहीत उतरवा. ज्याचे इथे कोणी नाही अशा माणसाच्या बाजूने एक अक्षर वाढवू नका, त्याच्याविरुद्ध एक अक्षर गाळू नका. एवढे केलेत, की निकालावर तुमचे नाव नसले तरी तो निकाल न्यायाने झाला, असे म्हणता येईल. हे काम करायला तुम्ही या. आम्ही तुम्हाला शोधतच आहोत.